घरातल्या वडीलधाऱ्यांची दिल्ली लिहून ठेवा

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद आणि फरिदाबादमधल्या मराठी घरांना एक कळकळीची विनंती आहे. तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल, तर त्यांच्या आठवणी याच वर्षी लिहून घ्या. पुढच्या वर्षावर टाकू नका.

ही माणसं तुमच्या ओळखीचीच आहेत. कोणी केंद्र सरकारच्या नोकरीत कारकून म्हणून आलं आणि अधिकारी होऊन निवृत्त झालं. कोणी फौजेत होतं. कोणी आकाशवाणीत होतं. कोणी लग्न होऊन करोलबागेतल्या एका खोलीत आली, तेव्हा तिला हिंदीतून भाजीवाल्याशी चार वाक्यं बोलता येत नव्हती. सगळ्यांनाच वाटलं होतं, चार-पाच वर्षं काढू आणि परत जाऊ. परत जाणं राहून गेलं. मुलं इथंच शिकली. नातवंडं इथंच जन्मली.

या माणसांनी इथं काय सोसलं, काय उभं केलं, कशात आनंद मानला, यातलं फार थोडं कागदावर आहे. बाकीचं सगळं त्यांच्या मनात आहे. ते त्यांना सांगायचं आहे. तुम्ही विचारायचं तेवढं बाकी आहे.

वेळ आहे असं धरून चालू नका

यशवंतराव चव्हाणांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. चीनच्या युद्धाच्या दिवसांत, नोव्हेंबर 1962 मध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत आले. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती त्यांनी सांभाळली. आयुष्याची शेवटची बावीस वर्षं त्यांचा मुक्काम मुख्यतः दिल्लीतच होता.

त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. तीन खंडांचा बेत होता. पहिला कृष्णेकाठच्या दिवसांचा, दुसरा मुंबईचा, तिसरा यमुनेकाठचा, म्हणजे दिल्लीचा. पहिला खंड ‘कृष्णाकाठ’ 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. तो 1946 पर्यंत येऊन थांबतो. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं. पुढचे दोन्ही खंड लिहायचे राहिले.

एवढा वाचणारा, लिहिणारा माणूस. हाताशी मदतनीस, कागदपत्रं, सगळं होतं. तरी दिल्लीचा खंड राहिलाच. मग ज्यांनी स्वतःबद्दल लिहायला कधी लेखणी हातात धरली नाही, ते आपल्या घरातले आजी-आजोबा आपणहून लिहितील, अशी वाट पाहू नका.

याच उदाहरणाची दुसरी बाजूही बघा. यशवंतरावांनी 1965 च्या युद्धाच्या वेळी रोजनिशी ठेवली होती. त्यांचे खासगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी तिच्या आधारे 2007 मध्ये पुस्तक केलं. परदेशांतून यशवंतरावांनी पत्नी वेणूताईंना लिहिलेली पत्रं ‘विदेश दर्शन’ या नावाने पुस्तकरूपात आली. जे कागदावर उतरलं होतं, ते पुढच्यांच्या हाती लागलं. जे मनात राहिलं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

दिल्लीकरांनी घाई का करायची

गावाकडे निदान वाडा असतो. पडका असला तरी त्याच्या भिंती दाखवता येतात. दिल्लीत तेही नाही.

आपल्यातली कितीतरी कुटुंबं सरकारी क्वार्टरांत वाढली. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, कस्तुरबा नगर, किदवई नगर. यांतले बहुतेक जुने ब्लॉक पाडले गेले. यांतल्या पहिल्या चारांसह सात वसाहतींच्या पुनर्विकासाला 2016 मध्ये केंद्राने मंजुरी दिली. ज्या अंगणात मुंज झाली, ज्या गच्चीवर उन्हाळ्यात खाटा टाकून सगळ्या ब्लॉकची माणसं झोपत, तिथं आता उंच इमारती आहेत. नातवाला घेऊन गेलात तर दाखवायला काही उरलेलं नाही. आता ती जागा फक्त आजोबांच्या बोलण्यातच आहे.

दुसरं म्हणजे, एनसीआरमधलं घर फार काळ एका जागी टिकत नाही. मुलगा बंगळुरूला जातो. मुलगी परदेशी जाते. आई-वडिलांना मयूर विहारहून ग्रेटर नोएडाला हलवलं जातं. प्रत्येक वेळी ट्रकमध्ये सामान भरताना कोणीतरी म्हणतं, हे जुने कागद कशाला हवेत? आणि पेटी रद्दीत जाते.

तिसरं, नातवंडांचं मराठी पातळ होत चाललं आहे. त्यात त्यांचा दोष नाही. पण आजीच्या तोंडचं कोकणी किंवा वऱ्हाडी वळणाचं बोलणं त्यांनी आज ऐकलं नाही, तर पुन्हा ऐकायला मिळणार नाही.

न विचारल्याचं नुकसान रोजच्या व्यवहारात होतं

काहींना वाटतं, आठवणी म्हणजे रिकामपणची करमणूक. तसं नाही. घरातली माहिती घरातल्या माणसाबरोबर गेली, की मागच्यांची किती ओढाताण होते, ते बघा.

गावी वडिलोपार्जित जमीन आहे. गट क्रमांक कोणता, सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत, कोणत्या चुलत्याने काय तोंडी ठरवलं होतं, हे एकट्या आजोबांना ठाऊक असतं. ते गेल्यावर दिल्लीहून तलाठी कार्यालयात खेपा घालाव्या लागतात.

डॉक्टर विचारतात, घरात कोणाला मधुमेह होता का, हृदयविकार होता का, कोणी कमी वयात गेलं का? तुम्ही गप्प बसता. आजीला विचारलं असतं तर तिने पाच मिनिटांत सगळं सांगितलं असतं.

लग्न ठरतं. कुलदैवत कोणतं, बोडण की गोंधळ, कुळाचार कसा, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही.

आणि फोटो. पन्नास माणसं रांगेत उभी आहेत. आजोबा तिसरे, एवढंच कळतं. बाकीचे सगळे अनोळखी. असे अल्बम कोणी सांभाळत नाही.

या सगळ्यांवर उपाय एकच. विचारा आणि नाव, गाव, साल यांसकट लिहून ठेवा.

सुरुवात कुठून करायची

“तुमच्या आयुष्याबद्दल सांगा” असं कधी म्हणू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कोणीही “काय सांगायचं त्यात” म्हणून टाळतं. लहान प्रश्न विचारा.

दिल्लीत पहिल्यांदा कोणत्या गाडीने आलात? पंजाब मेल, दक्षिण, जी.टी. की झेलम? बरोबर वळकटी होती का? सुरईतलं पाणी कुठपर्यंत पुरलं? स्टेशनवर घ्यायला कोण आलं होतं? पहिली रात्र कोणाकडे काढली?

पहिली खोली कुठे होती? बरसाती होती का? भाडं किती? घरमालक कुठले होते? फाळणीत लाहोर किंवा मुलतान सोडून आलेलं कुटुंब होतं का? त्यांच्याशी कसं जमलं? पहिला पगार किती आणि त्यातले गावी किती पाठवले?

पहिली थंडी कशी काढली? शाल पुरेल म्हणून आलेल्या किती जणांना पहिल्या डिसेंबरात रजई शिवून घ्यावी लागली असेल, ते विचारा. पहिली लू कधी लागली? वाळ्याचा कूलर कधी आला?

स्वयंपाकघराबद्दल जरूर विचारा. तिथल्या आठवणी सगळ्यात ताज्या असतात. नारळ मिळायचा का? कोकम, गोडा मसाला, भाजणी कोणाबरोबर यायची? डीएमएसच्या, म्हणजे दिल्ली दूध योजनेच्या, काचेच्या बाटल्यांतल्या दुधासाठी रांगेत कोण उभं राहायचं? शेजारणीने राजमा कधी शिकवला आणि तिला पुरणपोळी कधी शिकवली?

सणांबद्दल विचारा. पहिला गणपती कुठे पाहिला? मूर्ती कुठून आणायचे? विसर्जन यमुनेवर कोणत्या घाटावर? भोंडल्याला कोणकोण जमायच्या? नाटकात कोणी काम केलं? पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात कशाकशाला जाणं व्हायचं? नूतन मराठी शाळेत घरातलं कोण शिकलं, आणि कोणते शिक्षक आठवतात?

एका बैठकीला असे चार-पाच प्रश्न पुरेत. एकातून दुसरं निघत जातं.

वेळही बघून निवडा. थंडीतली दुपार उत्तम. जेवण झालेलं असतं, गच्चीवर किंवा बाल्कनीत ऊन असतं, हातात शेंगा किंवा किन्नू असतात. तेव्हा माणूस निवांत बोलतो. सकाळी औषधांच्या आणि आंघोळीच्या घाईत विचारू नका.

भांडी, पत्रिका आणि वह्या काढा

नुसत्या प्रश्नाने जे आठवत नाही, ते वस्तू हातात आल्यावर आठवतं. म्हणून बैठकीला एखादी जुनी वस्तू घेऊन बसा.

मराठी घरात सगळ्यात चांगलं साधन म्हणजे भांडी. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती. माळ्यावरचा पितळी डबा किंवा स्टीलची परात खाली काढा. कडेला किंवा बुडाला बघा. बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसतील. देणाऱ्याचं नाव असेल, लग्नाची तारीख असेल, कधी गावाचं नावही असेल. घासून घासून अक्षरं पुसट झाली असली, तर उजेडात तिरपं धरा. हळूच पिठाचं बोट फिरवलं तर खाचा उठून दिसतात.

ती परात आजीच्या मांडीवर ठेवा आणि विचारा, हे कोण? बहुतेक वेळा एक आख्खं माणूस बाहेर येतं. शेजारचा कोणी, ज्याने अडचणीत पैसे दिले होते. ऑफिसातला कोणी, ज्याच्या बायकोने बाळंतपणात महिनाभर डबा पुरवला होता. एका परातीतून तुम्हाला त्या काळातली माणुसकी कळते.

भांडी मोडीत घालण्यापूर्वी त्यांच्यावरची सगळी नावं वहीत उतरवून घ्या. एवढं तरी कराच.

त्यानंतर आहेराची वही काढा. लग्नाच्या पत्रिका काढा. हिशेबाच्या डायऱ्या, रेशनकार्ड, क्वार्टर मिळाल्याचं पत्र, सीजीएचएसचं जुनं कार्ड, आंतरदेशीय पत्रं, तारा, सगळं काढा. आपल्याकडची तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. एखाद्या नातवाला तार म्हणजे काय हेच ठाऊक नसेल. ती तार कोणी उघडली आणि घरात काय झालं, ते आजीकडून ऐकू द्या.

बायकांना वेगळं विचारा

घरात चार माणसं बसली की आजोबा बोलतात आणि आजी चहा करायला उठते. मग तिची गोष्ट राहून जाते. म्हणून आजीला, आत्याला, मावशीला एकटीला गाठून विचारा.

ती म्हणेल, “मी काय केलं? मी घरीच होते.” तिथं थांबू नका. हळदीकुंकवाच्या निमित्ताने अनोळखी शहरात ओळखी कोणी वाढवल्या? नव्याने आलेल्या पोरांना जेवायला कोणी घातलं? हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलांना घरी देवनागरीची मराठी वळणं कोणी शिकवली? दिल्लीतला मराठी समाज निम्म्याहून अधिक या बायकांनी उभा केला आहे.

लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये आला, तेव्हा त्यांची पासष्टी उलटून गेली होती. त्यांनी घरातलं, चुलीपाशी घडलेलं, साध्या बोलण्यात सांगितलं. मराठीतल्या पहिल्या रांगेतल्या आत्मचरित्रांत या पुस्तकाची गणना होते. तुमच्या आजीने पुस्तक लिहावं असं नाही. पण तिचं साधं बोलणं लिहून ठेवण्याच्या लायकीचं आहे, हे तिला तुमच्याकडून कळू द्या.

ऐकताना एवढं पाळा

मध्ये बोलू नका. “ही गोष्ट दहा वेळा ऐकली” असं तर मुळीच म्हणू नका. पुन्हा सांगताना एखादा नवा तपशील निघतो.

साल चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. वहीत खूण करा आणि नंतर पडताळा. सर्वांना माहीत असलेल्या घटनेला धरून विचारलं, की साल सापडतं. चांदणी चौकातली ट्राम 1963 मध्ये बंद झाली, त्या आधी की नंतर? 1971 च्या युद्धातल्या ब्लॅकआउटच्या वेळी कुठे राहत होतात? 1978 मध्ये यमुनेला पूर आला तेव्हा? 1982 च्या एशियाडला घरात टीव्ही होता का? मेट्रो सुरू झाली, डिसेंबर 2002, तेव्हा निवृत्त झाला होता का?

1954 मध्ये दिल्लीत मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते, काकासाहेब गाडगीळ स्वागताध्यक्ष होते आणि पंडित नेहरूंनी उद्घाटन केलं होतं. त्यानंतर दिल्लीत संमेलन भरलं ते थेट फेब्रुवारी 2025 मध्ये, डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली. मध्ये सत्तर वर्षांहून जास्त काळ गेला. पहिल्या संमेलनाला विशीत असताना गेलेली व्यक्ती आज नव्वदीत आहे. तुमच्या नात्यात किंवा सोसायटीत असं कोणी असेल, तर सर्वांत आधी त्यांच्याकडे जा.

दुःखाच्या आठवणी उकरून काढू नका. 1984 च्या नोव्हेंबरातल्या शीखविरोधी हिंसाचारात या शहराने काय पाहिलं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर अजून असेल. कोणाचं मूल गेलं असेल. कोणाची भावाशी कायमची फाटली असेल. ते आपणहून बोलले तर शांतपणे ऐका. गप्प झाले तर हात धरून बसा आणि विषय सोडा. त्या बैठकीनंतर ते बरेच दिवस उदास राहिले, झोप उडाली, तर डॉक्टरांना दाखवा.

विसरण्याचा त्रास सुरू झालेल्यांना सकाळचं जेवण आठवत नाही, पण शाळेतल्या मित्राचं नाव आठवतं. अशा माणसाची परीक्षा घेऊ नका. फोटो दाखवून “ओळखा बघू कोण” असं विचारू नका. तुम्हीच नाव सांगा आणि पुढचं त्यांना बोलू द्या. विसरणं वाढत असेल तर वयावर ढकलू नका. वेळेवर डॉक्टरांकडे न्या.

आवाज आणि फोटो कसे जपायचे

यासाठी वेगळं यंत्र नको. मोबाइल पुरे.

रेकॉर्ड करण्यापूर्वी त्यांना सांगा आणि परवानगी घ्या. चोरून रेकॉर्ड करू नका.

पंखा, कूलर, एसी, टीव्ही बंद करा. कूलरच्या घरघरीत वृद्धांचा आवाज बुडून जातो. म्हणूनही थंडीचे दिवस बरे.

मोबाइल त्यांच्या जवळ, मऊ रुमालावर ठेवा. सुरुवातीला तुम्ही बोला. आजची तारीख, जागा, बोलणाऱ्याचं पूर्ण नाव आणि जन्मगाव सांगा.

अर्ध्या तासाहून जास्त बसवू नका. ते दमतात. उद्या पुन्हा बसा.

बैठक संपली की त्याच दिवशी वहीत दहा-बारा ओळी लिहा. कोणकोणती नावं आली, कोणती जागा, कोणतं साल. पुढे तासन् तास ऐकायला कोणाला सवड नसते. वही मात्र कोणीही उघडतं.

रेकॉर्डिंग एकाच मोबाइलवर ठेवू नका. दोन ठिकाणी, दोन वेगळ्या शहरांत ठेवा. एक प्रत भावाकडे पुण्याला किंवा बहिणीकडे नागपूरला असू द्या.

आता फोटो. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावं लिहा. बॉलपेन वापरू नका. दाबाने पुढे वळ उठतो आणि शाई पसरते. नव्या चकचकीत फोटोंच्या मागे पेन्सिल उमटत नाही. त्यांची नावं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फोटोबरोबर ठेवा.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. फाटतात. आहे तिथेच, खिडकीच्या उजेडात, चमक येणार नाही अशा कोनातून मोबाइलने टिपा. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका.

अल्बम माळ्यावर ठेवू नका. मे-जूनमध्ये छताखाली भट्टी होते. ओल आलेल्या भिंतीला लागून किंवा कूलरच्या दमट हवेतही ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी धरते. आतल्या खोलीतलं कोरडं कपाट सगळ्यात चांगलं.

घरातलं घरात राहू द्या

हे नीट वाचा. आठवणी गोळा करताना खूप खासगी माहिती हाती येते. जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, जुने पत्ते, बँकेची पासबुकं. हे सगळं व्हॉट्सअॅपच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका. वृद्धांना फसवणाऱ्या टोळ्यांना अशीच माहिती हवी असते. आवाजाचं रेकॉर्डिंगही फक्त विश्वासातल्या माणसांना द्या.

कोणाच्या भांडणाची, कर्जाची, आजारपणाची गोष्ट निघाली तर ती वेगळ्या पानावर लिहा. सांगणाऱ्याला विचारा, हे कोणाला दाखवायचं? ते म्हणतील तसंच करा.

आठवणी घेता घेता मृत्युपत्र आणि दागिन्यांचा विषय काढू नका. त्यांना वाटेल, यासाठीच हे सगळं चाललं होतं. तो विषय स्वतंत्रपणे, सगळ्या भावंडांसमोर काढा.

तुम्ही स्वतः ज्येष्ठ असाल तर

तुमच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. मागे वळून पाहावंसं वाटतं, जुने दिवस सारखे आठवतात, यात काही कमीपणा नाही. एके काळी डॉक्टरही हे म्हातारपणाच्या खचण्याचं लक्षण मानत. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्ये वेगळं मांडलं. उतारवयात आयुष्याचा असा आढावा घेणं स्वाभाविक आहे, आणि त्यातून माणूस जगलेल्या दिवसांशी समेट करू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हा कोणी विचारण्याची वाट पाहू नका. एक साधी वही घ्या. आठवड्याला एक पान लिहा. हात थरथरत असेल तर मोबाइलमध्ये बोला.

उपदेश लिहू नका. जे घडलं ते लिहा. वस्तूंचे भाव लिहा, रस्ते लिहा, शेजाऱ्यांची नावं लिहा. आनंदाचे दिवस तब्येतीत लिहा. हिशेब चुकते करायला ही वही वापरू नका. तुमच्या मागे ती मुलंच वाचणार आहेत.

“माझ्यासारख्या साध्या माणसाचं कोण वाचणार” असं मनात येईल. गोडसे भटजी आठवा. कोकणातल्या वरसईचे भिक्षुक. दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. पुढे इतिहासकार चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला म्हणून त्यांनी आठवणी लिहिल्या. ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापून आलं. त्या काळाचा एका साध्या मराठी माणसाने पाहिलेला वृत्तांत आज आपल्याकडे आहे, कारण कोणीतरी विचारलं आणि त्यांनी लिहिलं.

मंडळांनी काय करावं

आपल्या मंडळांना गणपतीत कार्यक्रमांची वाण नसते. त्यात एक संध्याकाळ ज्येष्ठांसाठी ठेवा. सत्कार, शाल-श्रीफळ आणि घाईचा फोटो एवढ्यावर भागवू नका. दोघा-तिघांना बसवून बोलू द्या आणि ते नीट रेकॉर्ड करा.

जुन्या स्मरणिका एकत्र करा. त्यांत नाटकांचे नटसंच, वर्गणीदारांच्या याद्या, जुन्या दुकानांच्या जाहिराती असतात. त्यांची एक प्रत तरी सुरक्षित ठेवा.

आपल्या पंजाबी शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखं आहे. फाळणीत सगळं सोडून आलेल्या माणसांच्या आठवणी आणि वस्तू जमवून, कश्मीरी गेटजवळ दारा शुकोह ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीत 2023 मध्ये फाळणी संग्रहालय सुरू झालं. घरातल्या साध्या वस्तूंनाही तिथं मान आहे. पण हे होईपर्यंत फाळणी पाहिलेले किती जण निघून गेले होते. आपण एवढा उशीर करू नये. मुलांना घेऊन एकदा ते संग्रहालय बघून या. घरी परतल्यावर मुलं आपणहून आजोबांना प्रश्न विचारतील.

या रविवारी काय करायचं

मोठी योजना आखू नका. आखलेल्या योजना राहतात. या रविवारी फक्त चार गोष्टी करा.

एक शंभर पानी वही आणा आणि पहिल्या पानावर घरातल्या ज्येष्ठांची पूर्ण नावं, जन्मगाव आणि दिल्लीत आल्याचं साल लिहा.

माळ्यावरचं एक भांडं खाली काढा आणि त्यावरचं नाव उतरवून घ्या.

एक जुना फोटो घ्या आणि त्यातल्या प्रत्येकाचं नाव विचारून लिहा.

एक प्रश्न विचारा, दिल्लीत पहिली रात्र कुठे काढली?

आई-वडील दूर गावी असतील तर फोनवर विचारा. ते राहिले नसतील तर त्यांचा मित्र, जुनी शेजारीण, मावशी, कोणीतरी असेल. त्यांना गाठा. आणि कोणीच उरलं नसेल, तर तुम्हाला आठवतंय तेवढं तुम्ही लिहा. तुमच्या मुलांसाठी आता तुम्हीच वडीलधारे आहात.

माणसं जवळ आहेत तोवर विचारायला काही पैसे पडत नाहीत. नंतर कितीही खर्च केला तरी उत्तर मिळत नाही. म्हणून हात जोडून सांगणं आहे, या रविवारी वही उघडा.